सर, तेव्हा आपण जिंकलो की हरलो?



वसईच्या मराठी माध्यमाच्या कॅथलिक हायस्कुलांत इतिहास-भूगोल आणि विज्ञान शिकवणारे आपण इथे जमलो आहोत. या परिषदेचा अध्यक्ष म्हणून माझे मागणे एकच आहे: अवघड प्रश्न वर्गाबाहेर ठेवू नका.

चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला, हे शिकवताना कुणीतरी विचारतेच, "सर, तेव्हा आपण जिंकलो की हरलो?" विचारणाऱ्याचे आडनाव डिमेलो असते, घरची बोली कादोडी असते आणि शेजारच्या बाकावर पाटील बसलेला असतो. पोर्शन संपवायचा आहे म्हणून त्या मुलाला गप्प बसवणे मला अन्याय वाटतो. त्याला सगळे सांगा. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली. त्यांनी इथे चर्च उभारली, तशी देवळेही पाडली. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन चालले. आणि हेही सांगा, की सत्ता बदलल्या तरी वाडीत राबणारा माणूस इथलाच होता, त्याची बोली इथलीच राहिली. वसईचे संत गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, हे आपल्या मुलांना पाठ असते. जपानच्या राज्यकर्त्यांना मिशनऱ्यांमागे परकी सत्ता येईल अशी धास्ती का वाटली, हे मात्र कुणी विचारत नाही. तो प्रश्न विचारला तरच भक्तीच्या कथेतून इतिहासाचा तास उभा राहतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना मी इतकेच आग्रहाने सांगेन: दहावीतला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा घाईत उरकू नका. धर्मशिक्षणाच्या तासाशी खटका उडेल ही भीती निराधार आहे. पोप पायस बारावे यांनी 1950 मध्येच मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला मोकळीक दिली. उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक उरलेले नाही, असे 1996 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी सांगितले. वाटाण्यावर प्रयोग करणारे मेंडेल मठवासी होते, विश्व प्रसरण पावते हे 1927 मध्ये मांडणारे लमेत्र धर्मगुरू होते. पण ही नावे ढालीसारखी पुढे करू नका. गॅलिलिओला 1633 मध्ये चर्चच्याच न्यायासनाने दोषी ठरवले आणि त्या चुकीची जाहीर कबुली यायला 1992 उजाडले. कॅथलिक शाळेत हे कॅथलिक शिक्षकाच्या तोंडून ऐकले, तर मुलाचा शिक्षकावर विश्वास बसतो. एनसीईआरटीने 2023 मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. आपल्या राज्याच्या पुस्तकात ती आहे, तेव्हा मन लावून शिकवू या.

आता बावखलांविषयी. आपल्या पूर्वजांनी वाडीच्या कडेला खणलेल्या या तळ्यांत पावसाचे पाणी साठते, जमिनीत मुरते आणि गोड्या पाण्याचा भार खाऱ्या पाण्याला मागे रेटतो. त्यावर केळी आणि पानवेली पोसल्या. किती बावखले भरणी घालून बुजवली गेली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. विहिरी का मचूळ झाल्या, हा विज्ञानाचा प्रश्न. जमीन कुणी विकली, का विकली, टँकर कुणाच्या दारात येतो, हा नागरिकशास्त्राचा. तो आपल्याच पॅरिशमधल्या घरांपर्यंत पोचतो, म्हणून आपण टाळतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईची हिरवाई वाचवण्याच्या 'हरित वसई' लढ्यात तो टाळला नाही.

म्हणून या परिषदेने ठराव करावा. प्रत्येक शाळेने आपल्या हद्दीतल्या बावखलांची आणि विहिरींची एक वही ठेवावी. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर नववीच्या मुलांनी पाण्याचे नमुने आणून प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट टाकून क्लोराइड तपासावे. त्याच पानावर आजी-आजोबांना विचारून तळ्याची हकिकत लिहावी. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी खाली सह्या कराव्यात. ठरावाचा मसुदा टेबलावर आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा घ्यावी, अशी विनंती करतो.