पडद्यावरचा धडा आणि खुणांची भाषा

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. त्या दिवसांत आपण सारे दोनच प्रश्न विचारीत होतो : घरी मोबाइल आहे का, आणि गावात रेंज येते का? कर्णबधिर मुलाच्या बाबतीत या दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तरी धडा त्याच्यापर्यंत पोचतोच असे नाही.

‘माय’ आणि ‘पाय’ हे शब्द आरशासमोर उच्चारून पाहा. ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. वर्गात समोर बसलेले मूल प्रसंगावरून अर्थ जुळविते. चार बोटे रुंदीच्या पडद्यावर, आणि त्यातही गुरुजी फळ्याकडे वळले की, तोही आधार सुटतो.

मग पडद्याखाली अक्षरे द्यावीत, असे सुचविले जाते. ती द्यावीतच, परंतु तेवढ्याने भागत नाही. ‘रामने गोपाळला पुस्तक दिले’ या वाक्यात कोणी कोणाला दिले हे ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात. भारतीय सांकेतिक भाषेत ‘देणे’ या खुणेचा हात देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो आणि तेच काम करतो. म्हणजे ही मोडकीतोडकी मराठी नव्हे. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. खुणांत वाढलेल्या मुलाला लिखित मराठी ही दुसरी भाषा म्हणूनच शिकावी लागते.

हे मान्य व्हायला फार काळ लागला. १८८० च्या मिलान परिषदेने शिक्षणातून खुणा हद्दपार करून केवळ वाचेचा आग्रह धरला, आणि त्याची छाया जगभरच्या शाळांवर दीर्घकाळ राहिली. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषा जाणणाऱ्या शिक्षकांची तरतूद केली. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पुस्तके या भाषेत आणण्याचा करार झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा कोश पूर्ण झाला; त्यात शेतीचेही शब्द आहेत, ही आपल्या उसाच्या मुलखाला विशेष सोयीची गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये पी. एम. ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी खास या भाषेसाठी सुरू झाली.

अडचण अशी की, आपल्या मुलांच्या दप्तरात बालभारतीची पुस्तके असतात. दिल्लीचा पाठ आणि आपला पाठ जुळवून देण्याचे काम शिक्षकालाच करावे लागेल. स्वतः चित्रफीत तयार करणाऱ्यांनी एवढे पाहावे की, खुणा करणारी व्यक्ती पोस्टाच्या तिकिटाएवढी कोपऱ्यात बसवू नये. तिचे दोन्ही हात आणि चेहरा स्वच्छ दिसावा. प्रश्न आहे की विधान, हे पुष्कळदा भुवयाच सांगतात.

याहून कठीण भाग घरचा आहे. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यामुळे शाळेत जाईपर्यंत मुलाला पुष्कळदा घरात पूर्ण अशी कोणतीच भाषा मिळत नाही. अशा मुलापुढे उत्तमातली उत्तम चित्रफीत ठेवली तरी ते नुसते हलणारे हात पाहील. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांसाठी हंगामात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांत असे मूल असेल, तर खोपीत त्याच्याशी कोण बोलणार?

पंचायत सदस्यहो, ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. त्या रकमेतून वस्तू वाटल्या जातात. वाटप दिसते, त्याचे छायाचित्रही निघते. त्याच निधीतून आईवडील, आजी आणि भावंडे यांच्यासाठी खुणांचा वर्ग चालविता येईल का, हे गटविकास अधिकाऱ्यांना विचारा. एका गावात मूल एकच असेल, तर शेजारच्या चार गावांनी मिळून विचारावे. आणि हा वर्ग शिकविण्यासाठी सांकेतिक भाषा जाणणारी प्रौढ कर्णबधिर व्यक्ती मिळत असेल, तर मानधनावर प्रथम तिलाच बोलवावे.