गिटारीची कूस

भिलाईचे नाव निघाले की लोखंडी रूळ डोळ्यांपुढे उभे राहतात. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून हा पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. रुळाचा माथा जाड व तळवा पातळ असतो. त्यामुळे तळवा आधी निवतो, माथा मागाहून. आणि सरळ लाटलेला रूळ निवता निवता वाकतो. म्हणून तो तप्त असतानाच त्यास उलट बाक देण्याची रीत पडली. उरलासुरला बाक रुळांच्या गिरणीत रोळांखाली काढतात.

गिटार घडविणाऱ्या सुतारापुढे हाच प्रश्न निराळ्या पदार्थात उभा राहतो. गिटारीच्या दोन्ही कुशी म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या, दहा सेंटिमीटर रुंदीच्या लाकडी पट्ट्या होत. आपल्याकडील शिसव या कामी जगभर वापरले जाते. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ साली कडक निर्बंध आल्यावर तर त्याचे मोल अधिकच कळले. मिरजेच्या तंबोरा करणाऱ्यांना ही विवंचना नाही; भोपळ्याला त्याची गोलाई वेलीवरच लाभते.

पट्टी भिजवून तापलेल्या नळीवर दाबली की लाकडातील तंतू सांधणारे द्रव्य मऊ होते व ती वाकते. निवाली की थोडी मागे फिरते. एवढेच असते तर फारसे बिघडले नसते. परंतु रेषा तिरक्या असलेली फळी सारखी वाकत नाही. कमरेपाशी तिला पीळ पडतो. एक कड आत झुकते, दुसरी बाहेर पडते.

अखंड साच्यात कुशीला सर्वत्र आधार असतो. पण आकार बदलला की साचाही नवा करावा लागतो. म्हणून पाटावर सरकणारे खुंट बसविलेला साचा पुष्कळांना सोयीचा वाटतो. त्याची खोड अशी की, खुंट आखूड असला तर तो पट्टीला खालच्या कडेशीच दाबतो आणि वरची कड मोकळी राहून कलते. खुंट कुशीइतके उंच हवेत, आणि प्रत्येक खुंट आधी गुण्याने तपासलेला हवा. आतून आडव्या काड्यांचा ताण द्यावयाचा, तोही दोन्ही कडांशी. गुण्या मात्र पाटावर टेकलेल्या दर्शनी कडेवरूनच लावावा. पाठीकडची कड गळ्याकडे उतरती व किंचित कमानदार असते. तिच्यावरून काटकोन पाहणे म्हणजे वाकड्या भिंतीवरून ओळंबा सोडणे.

उतावळा कारागीर येथे मळसूत्र आवळतो. तो मोठीच चूक करतो. जबरदस्तीने उभी केलेली कूस साच्यात सरळ दिसते, आणि तो ताण सरसाने जोडलेल्या सांध्यात कोंडला जातो. पोलादी तारांचा ओढा सत्तर किलोंच्या आसपास असतो. पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते, तेव्हा हाच कोंडलेला ताण सांधा उकलतो किंवा फळीला चीर पाडतो.

जाणता कारागीर खुंट सैल करतो आणि पट्टी सपाट पाटावर उभी ठेवतो. तिला कोणी धरलेले नसते. कडेखालून उजेड दिसला, की ती पुन्हा नळीवर जाते.