भाषाविज्ञान : पदवीचा अभ्यास आणि पुढील वाटा

(लोहारा, जि. यवतमाळ येथे शिक्षक, पंचायत सदस्य व विद्यार्थी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा पाठ)



लोहारा या गावाच्या नावात ‘लोहार’ हा शब्द उघड दिसतो. मूळ संस्कृत शब्द ‘लोहकार’. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘क’ गळून पडला आणि ‘लोहआर’, पुढे ‘लोहार’ असे रूप झाले. हा एकट्या लोहाराचा योगायोग नव्हे. ‘कुंभकार’चा कुंभार, ‘सुवर्णकार’चा सोनार, ‘चर्मकार’चा चांभार याच नियमाने झाला. मग ‘चित्रकार’ शब्दातील ‘क’ का टिकला, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर असे की, ‘चित्रकार’ हा शब्द मराठीने पुढील काळात संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. प्राकृताच्या वाटेने झिजत आलेले त्याचे भावंड ‘चितारी’ या शब्दात आजही ओळखू येते.

भाषाविज्ञान म्हणतात ते हेच. बोलणे वाऱ्यावर विरून जाते, असे आपण समजतो. परंतु त्याच्या पोटात नियम असतात आणि ते नियम शोधता येतात. ध्वनी, शब्द, वाक्य आणि अर्थ यांची रचना कशी असते, भाषा कालांतराने कशी बदलते, मूल ती कशी शिकते आणि समाज ती कशी वापरतो, यांचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे भाषाविज्ञान. पुष्कळ भाषा बोलता येणे ही वेगळी गोष्ट होय. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला दहा भाषा याव्यात अशी अपेक्षा नसते. समोर आलेली कोणतीही भाषा कशी उलगडावी, एवढे त्याला कळावे लागते.

चुकीचे की वेगळे?

शिक्षकांच्या दृष्टीने या विषयाचा पहिला उपयोग वर्गातच आहे. वऱ्हाडातील मूल ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘काळा’ला ‘काया’ म्हणते. ‘मला, तुला’ याऐवजी ‘मले, तुले’ म्हणते. वहीवर तांबडी रेघ ओढली जाते आणि मूल हळूहळू बोलेनासे होते. भाषाविज्ञान शिकलेला शिक्षक येथे क्षणभर थांबतो. ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे हा वऱ्हाडीचा नियम आहे आणि मूल तो नियम इमानाने पाळीत असते. त्याला प्रमाण मराठी शिकवायची ती शिकवलीच पाहिजे. पण ‘तुझे चुकले’ असे सांगून शिकवणे आणि ‘घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात’ हे सांगून शिकवणे, यांत त्या मुलाच्या आयुष्याचा फरक पडतो.

पंचायतीच्या कामातही भाषेची सूक्ष्मता आडवी येते. ‘आम्ही रस्ता करू’ आणि ‘आपण रस्ता करू’ या दोन वाक्यांतील भेद ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाला कळतो. पहिल्यात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो सामील होतो. हिंदीत दोन्ही ठिकाणी ‘हम’ म्हणूनच भागवावे लागते. तेलुगू, तमिळ या द्राविड भाषांत मात्र असाच भेद आढळतो आणि मराठीतील हा विशेष द्राविड भाषांच्या शेजारामुळे आला असावा, असे अभ्यासक मानतात.

एका विभागातील भाषासंपत्ती

हा शेजार पाहण्यासाठी यवतमाळच्या माणसाला दूर जाण्याची आवश्यकता नाही. जिल्ह्यातील आठवडी बाजारात वऱ्हाडी कानी पडते, तांड्यावरून आलेल्या बंजारा बांधवांची गोरमाटी ऐकू येते, गोंडी आणि कोलामीही ऐकू येते. गोरमाटी राजस्थानी बोलींच्या जवळची. गोंडी आणि कोलामी द्राविड कुळातील. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात कोरकू बोलली जाते. ती मुंडा गटातील, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातील. बुलडाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात निहाली ही भाषा आहे. तिचे बोलणारे फार थोडे असून जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. एफ. बी. जे. कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. एका अमरावती महसूल विभागात तीन भाषाकुळे आणि कोणत्याच कुळात न बसणारी चौथी भाषा, अशी संपत्ती जगात फार थोड्या ठिकाणी असेल.

कोलाम समाज हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक होय. कातकरी आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. कोलामीत पाण्याला ‘ईर’, विस्तवाला ‘किस’ आणि घराला ‘एल्ला’ असे शब्द आहेत. हे शब्द मराठी माणसाला अनोळखी वाटतात. परंतु कन्नडमधील ‘नीरु’ व ‘किच्चु’ आणि तेलुगूमधील ‘इल्लु’ यांच्याशी त्यांचे सख्खे नाते आहे. हे नाते ज्यांनी तपशिलाने नोंदवले, त्यांत मरे एमेनो हे नाव अग्रभागी आहे. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करणारे हे विद्वान १९३५ ते १९३८ या काळात भारतात राहून द्राविड भाषांचा अभ्यास करीत होते. वर्धा परिसरातील कोलामीवरचा त्यांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. हैदराबादहून सेतुमाधवराव पगडी यांचे कोलामी व्याकरण त्यापूर्वीच, १९५० मध्ये, प्रकाशित झाले होते.

साता समुद्रापलीकडचा अभ्यासक येऊन कोलामीचे व्याकरण लिहितो, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु पोडावरील मुलगा किंवा मुलगी पदवीधर होऊन स्वतःच्या भाषेचा कोश करील, तो दिवस अधिक अभिमानाचा ठरेल. तसे घडणे अगत्याचेही आहे. पोडावरील मूल सहाव्या वर्षी शाळेत येते, तेव्हा शिक्षक मराठीत बोलतात आणि मूल कोलामीत विचार करते. ते गप्प राहिले की ‘मंद’ असा शिक्का बसतो. वास्तविक दोघांमध्ये एक दुभाषी पुस्तिका आणि तिचा उपयोग जाणणारा शिक्षक, एवढाच दुवा निखळलेला असतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याचा निर्देश १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ मध्ये समाविष्ट झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, मातृभाषेचा पुरस्कार केला आहे. धोरण कागदावरून वर्गात आणण्यासाठी जी माणसे लागतात, ती भाषाविज्ञान शिकलेलीच असावी लागतात.

अभ्यास कोठे करावा?

महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत पदवीला भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय नाही. मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्यास मात्र भाषाविज्ञानाची आणि व्याकरणाची ओळख होते. या भागातील विद्यार्थ्याने हाच मार्ग धरावा आणि त्या प्रश्नपत्रिकेकडे गुणांपुरते पाहू नये. पदवीपासूनच हा विषय हवा असेल, तर बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ येथे तशी सोय आहे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज हे जुने आणि मान्यवर केंद्र. १९३९ मध्ये तेथे संशोधन संस्था सुरू झाली आणि पुढे भारतीय भाषावैज्ञानिकांच्या कित्येक पिढ्या तेथे घडल्या. डॉ. अशोक केळकर यांनी तेथेच अध्यापन केले. डॉ. ना. गो. कालेलकर यांनी हा विषय सोप्या मराठीत आणला. त्यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या ग्रंथाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास तेथे एम. ए. साठी अर्ज करता येतो. मुंबई आणि नागपूर विद्यापीठांतही भाषाविज्ञानाचे विभाग आहेत. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, लीळाचरित्राच्या भूमीत, २०२३ च्या कायद्याने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले; विदर्भातील विद्यार्थ्याला ते जवळचे आहे.

पोटापाण्याचा प्रश्न

‘हे शिकून पोट भरेल काय?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कोणत्या कामाला कोणते प्रशिक्षण लागते, हे सर्वांना दिसते. भाषाविज्ञानाचा कारखाना तसा दिसत नाही. तेव्हा उत्तर स्पष्टपणे दिलेले बरे.

पहिली वाट अध्यापन व संशोधनाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून भारतीय भाषांवर काम करीत आहे. मात्र पदे मोजकी असतात आणि धीर धरावा लागतो.

दुसरी वाट भाषांतर, परिभाषा आणि कोशकार्याची. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने प्रशासनिक मराठीची परिभाषा घडवली. न्यायालये, बँका, केंद्रीय कार्यालये आणि प्रकाशनसंस्था यांना चांगले भाषांतरकार सदैव हवे असतात.

तिसरी वाट संगणकाची, आणि आज तीच सर्वांत वेगाने रुंदावत आहे. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने भाषांतरासाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. यंत्राला बोलणे समजावे यासाठी ध्वनिमुद्रणे, त्यांचे लेखन आणि व्याकरणिक वर्गीकरण करणारी माणसे लागतात. केवळ प्रमाण मराठीवर तयार झालेले यंत्र ‘मले पीकविम्याचं सांगा’ म्हणणाऱ्या शेतकऱ्यापुढे अडखळेल. वऱ्हाडी जाणणारा प्रशिक्षित पदवीधर तेथे उपयोगी पडतो. त्याची बोली तेथे उणीव न राहता भांडवल ठरते.

चौथी वाट वाचा व श्रवण चिकित्सेची. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी तिचे शिक्षण मिळते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या पदवीला बारावी विज्ञान शाखेतून व्हावे लागते. कला शाखेत गेल्यावर हे कळून उपयोग नाही. दहावीनंतरच शिक्षकांनी ते सांगितले पाहिजे.

या सर्व वाटांवर एक गोष्ट समान आहे. एकटे भाषाविज्ञान सहसा पुरत नाही. त्याच्या जोडीला संगणक, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र किंवा दुसऱ्या एखाद्या भाषेवरील प्रभुत्व असले, म्हणजे ते फळते.

गावाने काय करावे?

२०११ च्या जनगणनेत देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावे नोंदली गेली. तज्ज्ञांनी त्यांची छाननी करून १,३६९ मातृभाषा निश्चित केल्या आणि त्यांचे १२१ भाषांमध्ये वर्गीकरण केले. बंजारी, लमाणी ही नावे त्यात हिंदीखाली गेली. कोलामी मात्र स्वतंत्र भाषा म्हणून नोंदली गेली. तिचे भाषक देशात सव्वा लाखाच्या वर होते. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरात बोलली जाणारी भाषा संकोच न करता सांगा, एवढे पंचायत सदस्यांनी पोडावर आणि तांड्यावर समजावून दिले, तरी मोठे काम होईल. जी भाषा नोंदलीच जात नाही, तिच्यासाठी पुस्तक कोण छापणार?

शाळांनी एक वही ठेवावी. पिकांची, अवजारांची, पाखरांची, नात्यांची नावे गावातील वृद्धांकडून ऐकून मुलांनी तीत लिहावीत. कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, हेही लिहावे. खर्च एका वहीचा. त्या वहीतून एखाद्या मुलाला आपल्या आजीच्या बोलण्यातला नियम सापडेल, जसा ‘लोहार’ या शब्दात सापडतो. आणि त्या दिवशी त्याचा भाषाविज्ञानाचा अभ्यास सुरू झालेला असेल. पदवी त्यानंतरची गोष्ट.