धांवण्याआधीं थांबणें

मोटारीची थोरवी सांगतांना लोक बहुधा तिच्या वेगाविषयीं बोलतात. जुन्या क्रीडामोटारीच्या बाबतींत तर हें विशेष खरें आहे. रंग, चकाकी आणि इंजिनाचा आवाज यांवर मालकाचें मन जडतें. चाकांच्या आड दडलेले ब्रेक आणि गाडीचा भार तोलणाऱ्या स्प्रिंगा यांची आठवण त्याला शेवटीं होते. वस्तुतः अशा गाडीच्या जीर्णोद्धारास तेथूनच प्रारंभ झाला पाहिजे.

उदाहरणादाखल एम्. जी. बी. ही इंग्रजी गाडी घेतां येईल. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत ही बुटकी, मुख्यतः दोन आसनांची गाडी तयार होत असे. अशा पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. रचना साधी व सुटे भाग अजूनही मिळणारे, त्यामुळें इंग्लंडांत कित्येक हौशी गृहस्थ घरच्या घरीं तिची दुरुस्ती करतात. ब्रिटनमध्यें वाहनांच्या ठराविक मुदतीच्या तपासणीचा नियम १९६० सालीं सुरू झाला. २०१८ सालीं मात्र ४० वर्षें उलटलेल्या आणि मूळ रचनेंत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना तींतून सूट मिळाली. आज प्रत्येक एम्. जी. बी. चाळिशीच्या पलीकडे गेलेली आहे. म्हणजे वर्षांतून एकदां तिऱ्हाइताच्या डोळ्यांनीं ब्रेक पाहिले जाण्याची सक्ती उरली नाहीं. गाडी रस्त्यावर निर्धोक ठेवण्याचें कर्तव्य मात्र कायद्यानें कायमच ठेवलें आहे. ज्याच्या हातीं पाना, त्याच्याच शिरीं ही जबाबदारी.

तिचें स्वरूप थोड्या गणितानें ध्यानांत येईल. चालकासह गाडीचें वजन सुमारें १,००० किलोग्रॅम धरावें. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें जातांना तिच्या अंगीं ५०,००० ज्यूल शक्ति असते. वेग ७२ झाला कीं ती दुप्पट न होतां चौपट, म्हणजे २ लाख ज्यूल होते. ही सारी शक्ति ब्रेकांना उष्णतेच्या रूपानें गिळावी लागते. तेवढ्या उष्णतेनें अर्धा लिटर गार पाणी उकळूं लागेल.

ह्याच ठिकाणीं जुनें ब्रेक-तेल घात करतें. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ या प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु किमान २३० अंश सेंटिग्रेड असावा लागतो. त्यांत शेंकडा ३.७ इतकें पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशच उरते. लांब उतारावर असें तेल उकळलें कीं नळ्यांत वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. म्हणून पायाखालचा दांडा एकदम पोकळ लागतो आणि गाडी थांबत नाहीं. गाडी वापरली नाहीं तरी दर दोन वर्षांनीं तेल बदलावें, हें त्यासाठींच.

कामास लागतांना पहिला नियम असा कीं, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही जाऊं नये. भक्कम लोखंडी घोडे लावावे. दुसरा नियम धुळीविषयीं. जुन्या ब्रेकांच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. ब्रिटननें त्यावर १९९९ सालीं बंदी घातली. ही धूळ फुंकूं नये; ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. ती फुप्फुसांत गेली तर अनेक वर्षांनीं प्राणघातक रोग उद्भवतात.

पुढच्या चाकांना डिस्कचे ब्रेक असतात. त्यांचे दट्टे गंजून अडकले असल्यास ते बदलावे. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसल्या तरी आंतून फुगलेल्या असतात. दाबलेलें तेल पुढें जातें, पण परत येत नाहीं. मग ब्रेक धरून राहतो व गाडी एका बाजूस ओढते. म्हणून त्या सरसकट नव्या घालाव्या. मागें ड्रम असतात. त्यांचे शू डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे. शेवटीं नळ्यांतील हवा काढतांना सामान्यतः सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा.

आतां स्प्रिंगांकडे वळूं. या गाडीस पुढें वेटोळ्याच्या स्प्रिंगा आणि मागें पाटे असतात. वेटोळ्याची स्प्रिंग दाबलेल्या स्थितींत फार मोठी शक्ति सांठवून ठेवते. ती घाईनें सोडली तर हात मोडण्याची भीति असते. खालून जॅकचा आधार देऊन ती हळूहळू मोकळी करावी. पुढच्या चाकास हालचाल आहे काय, हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. चाक उचलून वर-खालीं धरून हलवावें आणि त्याच वेळीं दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिन किंवा तिचे सांधे झिजले आहेत. किंगपिन वेळोवेळीं ग्रीस न मिळाल्यानेंच बहुधा झिजते. रबरी बुश बसविल्यावर त्यांचे बोल्ट, गाडी चाकांवर उभी राहून भार आल्यानंतरच पक्के आवळावे. नाहीं तर रबर कायमचें पिळलेलें राहून लवकर फाटतें.

काम झाल्यावर प्रथम अंगणांत पायी चालण्याच्या गतीनें, मग रिकाम्या रस्त्यावर हळूं वेगानें ब्रेकांची परीक्षा करावी, आणि घरीं येऊन प्रत्येक सांध्यास कोरडा कागद लावून तेल पाझरतें का हें पाहावें. त्यानंतर सक्ती नसतांही गाडी तपासणीस न्यावी. सूट मिळालेल्या गाड्यांस तशी मुभा आहे. आपल्या हातचें काम आपल्याला नेहमींच निर्दोष दिसतें. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी मुलाला मात्र गाडीचा मालक कोण आणि तिचा रंग किती सुरेख, याच्याशीं कर्तव्य नसतें. ती वेळेवर थांबली कीं नाहीं एवढ्याशींच त्याचा संबंध असतो.