गाडी मागून घसरते, ती केव्हा?



व्याख्यानमालेच्या पंगतीत साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांची पाने मानाने मांडलेली असतात. त्या पंगतीत चिखलाने माखलेली जीप आणून बसविणे थोडे धाडसाचेच आहे. परंतु महिना-दीड महिन्यात पाऊस सुरू होईल, घाटरस्ते निसरडे होतील, शेताकडच्या वाटांचा राडा होईल आणि आपल्या घरांतील तरुण मंडळी उंच गाड्या घेऊन सह्याद्रीत हिंडावयास निघतील. तेव्हा हा विषय आता एकट्या गॅरेजवाल्याचा राहिलेला नाही.

तक्रार नेहमी एकाच वाक्याची असते, "गाडी मागून धरत नाही." उपायही ठरलेला असतो, रुंद आणि दातेरी टायर घाला. मोठी रक्कम खर्च होते, चार दिवस समाधान वाटते आणि पहिल्याच पावसात गाडी पुन्हा मागून सरकते. ताप आला म्हणून आलेल्या रोग्याला चांगला वैद्य आधी विचारतो, ताप केव्हा येतो? थंडी वाजून येतो का? ठरल्या वेळी येतो का? मागच्या चाकांच्या बाबतीतही काय बिघडले हे विचारण्याआधी, ती केव्हा घसरतात हे विचारावे. माझ्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

प्रथम पकड म्हणजे काय ते पाहू. घर्षण भाराच्या प्रमाणात असते, हा नियम आमाँतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ साली मांडला. रबर हा नियम पुरता पाळत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. तरी मुख्य गोष्ट खरीच आहे. चाकावर भार असेल तर पकड असेल. भार उचलला गेला की टायर कितीही महागाचा असो, तो काही करू शकत नाही. दुसरी गोष्ट अशी की, ही पकड म्हणजे एकच मिळकत आहे. तीतूनच गाडी पुढे ढकलण्याचा, थांबविण्याचा आणि वळणावर सावरून धरण्याचा असे सर्व खर्च भागवावे लागतात. एका बाजूला उधळपट्टी झाली की दुसऱ्या बाजूला ओढाताण होणारच.

आता एकेक वेळ घेऊ.

गाडी चिखलात उभी आहे आणि जागेवरच चाके फिरत आहेत. खाली उतरा आणि कोणते चाक फिरते ते पाहा. मागचे एकच चाक फिरत असेल तर संशय डिफरन्शियलवर घ्यावा. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दातेरी चक्रांची रचना आहे. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर मात्र सारखाच देते. त्यामुळे एक चाक चिखलात गेले की तेथे जेवढा थोडा जोर टिकतो, तेवढाच खडकावरच्या दुसऱ्या चाकाच्या वाट्याला येतो. हा बिघाड म्हणता येणार नाही, तो त्या रचनेचा स्वभाव आहे. अशा वेळी हँडब्रेक हळूच थोडा ओढला तर फिरणाऱ्या चाकाला विरोध होतो आणि दुसऱ्या चाकाकडे जोर जातो. मात्र हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तरच ही युक्ती चालते. जुन्या विलीस जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हता, तो ट्रान्स्फर केसच्या मागे होता. तेथे तिचा उपयोग नाही.

मागची दोन्ही चाके फिरत असतील तर टायर आणि जमीन यांच्याकडे वळावे. आपली काळी माती टायरच्या नक्षीत घट्ट बसते आणि उत्तम टायरही गुळगुळीत होऊन जातो. खाचा मोठ्या असल्या तर माती झडून जाते. दातेरी टायरचा खरा गुण हा आहे. तोच टायर ओल्या डांबरावर साधारणपणे कमी धरतो, हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

दुसरी वेळ चढावरच्या वळणाची. ॲक्सिलरेटर दाबला की मागची बाजू बाहेर फेकली जाते. फोर-व्हील ड्राइव्ह जोडलेले नसेल तर यांपैकी अनेक गाड्यांत ढकलण्याचे सारे काम मागची दोन चाके करतात. मिळकत तेथेच संपते आणि वळणासाठी काही उरत नाही. निसरड्या रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह आधीच जोडावे. रुतल्यानंतर आठवण होणे व्यर्थ. कोरड्या डांबरावर मात्र ते सोडवावे, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांच्या ओढाताणीत यंत्रणेला पीळ पडतो.

तिसरी वेळ उताराची, आणि ती सर्वांत घातक. हिशेबच मांडू. समजा गाडी १५०० किलोची आहे. सपाटीवर ८०० किलो भार पुढे आणि ७०० मागे. दोन एक्सलमधले अंतर २.४५ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर. गुरुत्वाकर्षणाच्या चार-दशांश इतका ब्रेक लागला तर सुमारे १७० किलो भार मागून पुढे सरकतो. मागे उरले ५३०. रस्ता उतरता असला तर त्याहूनही कमी. पुढची चाके घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. मागची घसरली तर ती स्वतःभोवती फिरते, आणि घाटात गाडीला फिरण्याइतकी जागा नसते. म्हणून उतारावरचा वेग आधीच, सरळ रस्त्यावर आणि खालच्या गिअरने कमी करावा. मागे किती माल आहे ते पाहून मागच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारी झडप काही गाड्यांत असते. ती गंजून "माल भरलेला आहे" याच स्थितीत अडकली, तर रिकाम्या गाडीची मागची चाके लवकर जखडतात. गाडी उंच करून घेणाऱ्यांनी या झडपेची दांडी पुन्हा जुळवून घेतली आहे की नाही, हे अवश्य विचारावे.

चौथी वेळ खडबडीत रस्त्याची. आडव्या लहरी पडलेल्या मातीच्या रस्त्यावर मागची बाजू फुगडी घालावी तशी नाचते. येथे चाक घसरत नाही, ते क्षणोक्षणी जमीन सोडते. दोष शॉकॲब्सॉर्बरचा, हवेचा किंवा पाट्यांचा. १९८५ साली आलेल्या जिप्सीला चारही चाकांना पाटेच होते. २०१० च्या थारला मागे पाटे होते. नाशिकला तयार होणाऱ्या २०२० च्या थारला मागे कॉइल स्प्रिंग आली. ओझ्यासाठी बनविलेले पाटे गाडी रिकामी असताना ताठ राहतात. त्यांत आणखी एक पाटा वाढविला तर गाडी दिसावयास ताठ दिसेल, पण मागची पकड घटेल.

शेवटची वेळ फार बोलकी आहे. गाडी डाव्या वळणावर घसरते आणि उजव्या वळणावर नाही. असे झाले की टायरच्या जातीला दोष देऊ नये. दोन बाजूंत फरक कोठे आहे तो शोधावा. एका टायरात हवा कमी असेल, एका बाजूचा ब्रेक चिकटत असेल, यू-बोल्ट सैल झाला असेल किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल तिरका सरकला असेल. ओल्या रस्त्यावरून गाडी सरळ नेऊन मागे उमटलेल्या रेघा पाहिल्या की तिरका एक्सल आपोआप चुगली करतो.

तपासणीचा क्रम फुकटापासून खर्चाकडे ठेवावा. टायर थंड असताना हवा मोजावी. टायरवर खडूची आडवी रेघ ओढून थोडे अंतर सरळ जावे. रेघ मधेच पुसली गेली तर त्या भाराला हवा जास्त आहे. मग टायरचे वय पाहावे. त्याच्या कडेवर चार आकडे असतात. "२३१९" म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुने रबर कडक होते, नक्षी शाबूत दिसली तरी. नक्षीच्या तळाशी १.६ मिलिमीटरचे उंचवटे असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आले की टायर बदलावाच. त्यानंतर बोल्ट, मग शॉकॲब्सॉर्बर, मग ब्रेक आणि अगदी शेवटी डिफरन्शियल.

नव्या गाड्यांत चाक जखडू न देणारी, फिरणारे चाक आवरणारी विद्युत्-यंत्रणा आली आहे. ती गुणी कारभाऱ्यासारखी आहे. असलेली मिळकत ती नीट वाटून देते. नसलेली निर्माण करू शकत नाही. ती मिळकत भार, रबर आणि जमीन यांच्यापाशीच राहते.

तेव्हा उद्या घरातील कोणी म्हणाले की "गाडी मागून धरत नाही," तर पैशांचे पाकीट काढण्याआधी त्याला विचारा, "केव्हा?" नीट विचारलेला हा एक शब्द पुष्कळदा टायरांचा खर्च वाचवील, आणि एखादे वेळी त्याहून मोलाचे काही.