वाढणाऱ्या तेलाचं दुखणं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर पूर्वी होडीमागचं मशीन सुरू झालं की निळसर धूर निघायचा. टू-स्ट्रोक मशीनला इंधनातच तेल मिसळून द्यायचं आणि ते दोन्ही जळून जायचं. फोर-स्ट्रोक मशीन आलं, धूर कमी झाला, पेट्रोल वाचू लागलं. पण या मशीनमध्ये तेल वेगळं, तळाशी साठवलेलं असतं. ते रोज पट्टी काढून बघावं लागतं.

पट्टीवर तेल कमी दिसलं तर कुणीही घाबरतो. वाढलेलं दिसलं तर मात्र खूश होतो! डॉल्फिन दाखवायला पर्यटकांना नेणारा एक तरुण असाच हसत माझ्याकडे आला. म्हणाला, "मेस्त्री, माझां मशीन तेल खाणा नाय, तेल उलट वाढता!"

तेल आपोआप कसं वाढेल? त्यात दुसरं काहीतरी मिसळतं आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी पट्टी नाकाशी धरली. पेट्रोलचा वास आला. तेल बोटांवर पाण्यासारखं पातळ लागलं. तेल दुधाळ चहासारखं दिसलं असतं, तर पाणी शिरलं असं म्हटलं असतं. इथे शिरलं होतं पेट्रोल.

त्याचा धंदा मला ठाऊक होता. डॉल्फिन दिसले की तासन् तास मशीन मंद चालवायचं. मंद चालणारं इंजिन पुरेसं तापत नाही. अर्धवट वाफ झालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरतं. मी तेल बदललं आणि सांगितलं, "बाबा, परत येताना थोडा वेळ वेगात चालव. तेल तापलं की पेट्रोल उडून जाईल." सल्ला खोटा नव्हता, पण मी तिथेच थांबलो. ही माझी चूक.

तीन आठवड्यांनी तो परत आला, तेव्हा मशीन खडखडत होतं. तेल पुन्हा वाढलं होतं. पातळ तेलाचा थर धातूंमध्ये टिकला नाही आणि बेअरिंगं घासली गेली. ऐन मे महिन्यात होडी पंधरा दिवस वाळूवर राहिली.

म्हणून सांगतो, तेल बदलणं ही दुरुस्ती नव्हे. पेट्रोल कुठून येतं ते शोधायला हवं, आणि तेही स्वस्तातल्या तपासणीपासून सुरुवात करून.

आधी मोजणी नीट करा. मशीन उभं आणि सरळ ठेवा, थंड होऊ द्या. पट्टी पुसून पुन्हा घाला आणि मग बघा. मशीन तिरकं असेल तर पट्टी चुकीचं दाखवते. पातळी आणि मशीन किती तास चाललं, हे वहीत लिहा. दुखणं वाढतंय का, ते वहीच सांगते.

दुसरी तपासणी थर्मोस्टॅटची. इंजिन ठरावीक गरम होईपर्यंत ही झडप पाणी अडवते. ती उघडीच अडकली, किंवा 'मशीन तापू नये' म्हणून कुणी काढून टाकली, तर इंजिन कायम थंड राहतं. झडप काढून पाण्याच्या भांड्यात टाका आणि पाणी तापवा. थंड पाण्यात ती बंद असायला हवी आणि गरम पाण्यात उघडायला हवी. किती अंशांवर, ते मशीनच्या माहितीपुस्तिकेत असतं.

तिसरी तपासणी पेट्रोलच्या नळीवरच्या रबरी फुग्याची. मशीन बंद ठेवून फुगा कडक होईपर्यंत दाबा आणि दहा मिनिटं थांबा. तो मऊ पडला तर आधी जोड बघा, बाहेर गळतं का. फुग्याच्या स्वतःच्या झडपा खराब असल्या तरी तो मऊ पडतो, म्हणून दुसरा फुगा लावून खात्री करा. तरीही मऊ पडला आणि बाहेर सगळं कोरडं असलं, तर पेट्रोल आत जातं आहे.

आत जायच्या वाटा दोन. कार्ब्युरेटरमधली फ्लोटची निडल कचऱ्यामुळे बंद होत नाही आणि पेट्रोल ओसंडून सिलिंडरमध्ये उतरतं. दुसरी वाट पेट्रोल पंपाची. बऱ्याच लहान मशीनांवर हा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. त्यातला रबरी पडदा फाटला की पेट्रोल थेट तेलात जातं. त्या तरुणाच्या मशीनचा हाच पडदा फाटला होता. पडद्याची किंमत बेअरिंगांच्या खर्चापुढे काहीच नव्हती. इंजेक्शनच्या मशीनमध्ये गळका इंजेक्टरही असू शकतो, पण ते काम जाणकाराकडेच द्यावं.

दोष सापडल्यावरच तेल आणि फिल्टर बदला. जुन्या तेलात पेट्रोल असतं. तेव्हा हे काम उघड्यावर करा, जवळ विडी नको, चूल नको. ते तेल खाडीत ओतू नका. जिथून मासळी येते, तीच ही खाडी.

आता तो तरुण रोज सकाळी पर्यटक चढण्याआधी पट्टी काढतो, पुसतो, बघतो आणि वास घेतो. मीही आता तेल वाढलेलं मशीन आलं, की फुगा दाबून दहा मिनिटं थांबल्याशिवाय पाना हातात घेत नाही.