गालिच्यावर सांडलेले सरबत

उन्हाळ्यातल्या व्याख्यानाला साजेसा, पण व्यासपीठावर सहसा न येणारा विषय आज घेतला आहे. गालिच्यावर रंगीत सरबत सांडले की घरात एकच प्रश्न उठतो, "याला लावायचं काय?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. रंग कसला आणि धागा कसला, हे आधी विचारायला हवे. ते न विचारता केलेला उपाय डाग पक्का करू शकतो, आणि यात सर्वांत जास्त घात करते ते आपले लाडके लिंबू.

हे अतिशयोक्त वाटेल, म्हणून पुरावा देतो. खाद्यपदार्थांत घालायला आपल्याकडे ८ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. त्यांतले कार्मोसिन आणि पोंसो ४आर लाल, टार्ट्राझीन पिवळा. हे तिन्ही रंगाऱ्यांच्या भाषेत आम्लरंग. १८८४ साली शोधलेला टार्ट्राझीन तर लोकरीला रंग देण्यासाठी वापरला गेलेला आहे. आम्ल मिळाले की लोकरीतल्या प्रथिनांवर धन विद्युतभार येतो आणि ऋणभार असलेला रंग त्यांना घट्ट धरतो; नायलॉनचेही बहुतांशी तसेच. म्हणजे लोकरीच्या गालिच्यावर बाजारचे लाल सरबत सांडते तेव्हा चक्क रंगाई होते, आणि तिला लागणारे सायट्रिक आम्ल सरबतातच असते. अमेरिकेतल्या वस्त्ररसायनतज्ज्ञांच्या संघटनेने गालिच्यांसाठी ठरवलेली चाचणी पाहा : खाण्याचा लाल रंग पाण्यात कालवायचा आणि सायट्रिक आम्लाने त्याचा पीएच २.८ वर आणायचा. डाग धरावा म्हणून प्रयोगशाळेत जे मुद्दाम करतात, ते आपण लिंबू पिळून फुकटात करतो. वर उकळते पाणी ओतले की रंगाऱ्याची भट्टीही पेटली!

"पण आमच्याकडे लिंबानेच डाग गेलेत," असे कुणी म्हणेल. गेले असतील; चहाचे. कोऱ्या चहात लिंबू पिळताच तो उजळतो, सोडा टाकताच काळवंडतो. कोकमाचा लालही आम्लातच लाल राहतो. कोकम सरबताच्या डागावर खायचा सोडा भुरभुरला तर तो निळसर, मळकट होतो आणि घरातले हबकतात. तिथे पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून टिपणेच बरोबर. औषध खोटे नाही, रोगी चुकतो. व्हिनेगर आणि सोडा एकदम ओतणाऱ्यांबद्दल मात्र काय बोलावे? फेस दिसतो झकास, पण दोघांनी एकमेकांना मारून टाकलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे : पाहुणे बसलेले असताना रसायनशास्त्र कोण आठवणार? सुरुवातीला ते लागतही नाही. पांढऱ्या सुती पंच्याने कडेकडून मध्याकडे टिपत जायचे, घासायचे नाही. मग थोडे गार पाणी, पुन्हा टिपणे, पंच्यावर रंग उतरेनासा होईपर्यंत. तरी डाग उरलाच तर काठाचा एक धागा काढून जाळावा. केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. त्यातल्या पॉलिप्रॉपिलीनला हे रंग जवळजवळ धरतच नाहीत, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात. लोकरीवर किंवा नायलॉनवर बाजारचा लाल रंग असेल तर खायच्या सोड्याचे पातळ पाणी वापरावे, कारण आम्लाने बांधलेले अल्कलीत सैल होते. त्यानेही भागले नाही तर औषधाच्या दुकानातले ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड. पण ते गालिच्याचा मूळ रंगही खाऊ शकते, तेव्हा आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात लावून पाहावे.

गेलेला डाग सकाळी परत दिसतो, त्याचा दोष बहुतेकदा उपायाला नाहक मिळतो. बुडाशी मुरलेले पाणी धाग्यांतून वर चढते, टोकाशी वाळते आणि आणलेला रंग तिथेच सोडते. म्हणून शेवटी जाड घडी घातलेला कोरडा पंचा, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि वर पाट्यासारखे वजन रात्रभर ठेवावे. आणि एक वस्तू लोकरीच्या गालिच्याजवळ अजिबात आणू नका : क्लोरीनचे ब्लीच. त्यात डागच काय, लोकरही विरघळते.